फळा पुसायचं काम

चार वाजता मुलं जातात.
मग ओलं फडकं आणि मी,
आणि तीन वर्गांचे तीन फळे: सहावी, सातवी, आठवी.
रावपुऱ्यात हिला ज्यूंची शाळा म्हणतात.
पटावर ज्यू अकराच,
बाकी पटेल, शेख, कदम, सगळं बडोदंच.

पुसायचीही रीत असते.
मराठी मी डावीकडून पुसते, रेघेला धरून,
दोरीवरचे कपडे ओढून घ्यावेत तशी.
गुजरातीला रेघ नाही, एकेक अक्षर वेचावं लागतं.
हिब्रू उजवीकडून.
जिथनं आलं तिथनंच जावं, असं आपलं मला वाटतं.
कुणी सांगितलेलं नाही.

सातवीत आज मासे होते.
एकीकडे खवल्यांचे: बांगडा, पापलेट.
एकीकडे बिनखवल्यांचे: वाम, शिंगाळा, हे ताटात नकोत.
खाली रहमीम पेणकरचं वाकडं अक्षर:
'विश्वामित्रीतली मगर? खवले आहेत!'
त्यापुढे दीना टीचरचा तांबडा खडू: 'पर कुठेत?'
त्यापुढे पुन्हा रहमीम: 'तिलाच विचारा.'
हे पुसायला मी जरा वेळ लावला.

आठवीत इतिहास.
दोन सालं समोरासमोर, एक त्यांचं, एक सगळ्यांचं,
मध्ये वजाबाकी: तीन हजार सातशे साठ.
फडकं खांद्यावर टाकून
मी ते माझ्या जन्मसालात मिळवलं.
पाच हजार सातशे तेवीस.
मग गुडघे दुखणारच.

सहावीच्या फळ्यावर अर्धं कोकण.
नवगावच्या खडकांवर फुटलेलं गलबत,
पाण्यातून वर आलेले सात बाप्ये, सात बाया,
काड्यांसारखे हात पसरून.
शेजारी गणिताचा तास तसाच राहिलेला:
वाचलेल्यांचं गुणोत्तर काढा.
कुणीतरी काढलंय, एकास एक.
आणि त्याखाली बारीक अक्षरात:
'बुडाले किती, ते उदाहरणात दिलेलं नाही.'

देवाचं नाव मात्र हेझकेल सर पुरतं लिहीत नाहीत.
एकच अक्षर, शेजारी एक फटकारा.
पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, पुरतं का नाही?
म्हणाले, पुरतं लिहिलं की पुसता येत नाही, ठकूबाई.
तुमचं काम अडेल.
वीस वर्षं झाली त्याला.
एवढ्या मोठ्या देवानं
माझ्या फडक्यासाठी अंग चोरून बसावं,
याचं मला अजून नवल वाटतं.
त्याच्या नावाची फाटकी पानं मी कचऱ्यात टाकत नाही,
जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवते.
पेटी भरत आली आहे.

शुक्रवारी शाळा दोनला सुटते.
शनिवारभर कुलूप.
काल मोझेल झिराडकर मागे रेंगाळली,
बूट घासत, काही विसरल्यासारखी.
मग खडू उचलला नि उजवीकडून चार-पाच अक्षरं काढली.
'हे तुमचं नाव.
ठ आमच्यात नाहीच, म्हणून त घेतला,
पोटात टिंब दिलंय बघा.
तोच ठ समजा.'
तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, मी मान.
सहीपुरतं मराठी येतं मला,
पण हे नाव दिसायला कसं कुणा शिकलेल्या बाईचं.

ती गेली.
राहू दिलं असतं तर कोण विचारणार होतं,
रविवारपर्यंत बंद खोलीत एक नाव?
पण माझं नाव पुरतं लिहिलं तरी पुसता येतं.
त्यात काही मोडत नाही.

फक्त या खेपेला मी उलटी गेले,
डावीकडून, शेवटाकडून.
बाई गेली. कू गेला.
त उरला, पोटात टिंब घेऊन,
जड झालेल्या पोरीसारखा भिंतीला टेकलेला.
खाली वॉचमन किल्ल्या वाजवत होता.
मी फडकं पिळलं,
पुन्हा एकदा पिळलं.